जवाच्या पेंढीचं गाणं

१९७० साल उजाडलं तेव्हा स्टीव्ह विनवुड २१ वर्षांचा होता आणि तीन गाजलेले बँड त्याच्या मागे पडले होते. मिसरूड फुटायच्या वयात तो बर्मिंगहॅमच्या स्पेन्सर डेव्हिस ग्रुपमध्ये गायला लागला. १९६६ मध्ये त्यांचं ‘गिमी सम लव्हिंग’ रेडिओवर वाजू लागलं, तेव्हा तो आवाज अमेरिकेतल्या एखाद्या मुरलेल्या कृष्णवर्णीय गायकाचा असावा, असं अनेकांना वाटे. १९६७ मध्ये त्याने जिम कपाल्डी, ख्रिस वुड आणि डेव्ह मेसन यांच्याबरोबर ‘ट्रॅफिक’ काढला. दोन वर्षांत तो मोडला. मग एरिक क्लॅप्टन आणि जिंजर बेकर यांच्याबरोबर ‘ब्लाइंड फेथ’ झाला. ७ जून १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये सुमारे एक लाख माणसं त्यांना ऐकायला जमली. एक आल्बम आणि अमेरिकेचा एक दौरा झाला आणि तोही संपला.

आता आपण एकट्यानेच आल्बम करायचा, असं विनवुडने ठरवलं. त्याला सगळं येत होतं. पियानो, हॅमंड ऑर्गन, गिटार, बेस, ड्रम्स, गाणं. निर्माता म्हणून गाय स्टीव्हन्स सोबतीला होता. हाच स्टीव्हन्स पुढे १९७९ मध्ये ‘द क्लॅश’च्या ‘लंडन कॉलिंग’चा निर्माता झाला. आल्बमचं नावही ठरलं होतं, ‘मॅड शॅडोज’. दोन गाणी ध्वनिमुद्रित झाली, एकावर एक वाद्य चढवत, जवळजवळ सगळी विनवुडने स्वतः वाजवलेली. आणि तिथे काम अडलं. त्याने आधी कपाल्डीला बोलावलं, मग वुडला. एकट्याचा आल्बम ‘ट्रॅफिक’चा झाला आणि जुलै १९७० मध्ये ‘जॉन बार्लीकॉर्न मस्ट डाय’ या नावाने बाजारात आला. ठरलेलं जुनं नाव स्टीव्हन्सने ‘मॉट द हूपल’ या आपल्या दुसऱ्या बँडच्या आल्बमला देऊन टाकलं.

सहा रचना, साधारण ३५ मिनिटं. अमेरिकेत हा आल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत चढला, ब्रिटनमध्ये अकराव्या. रॉकच्या इतिहासात तो जॅझ आणि लोकसंगीत पचवलेल्या प्रोग्रेसिव्ह रॉकचा नमुना म्हणून नोंदला गेला आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याचं श्रेय विनवुडच्या पदरात पडतं. ते चुकीचं आहे असं नाही. आवाज त्याचा आहे, बोटं त्याची आहेत. पण ज्या दोन गोष्टींसाठी हा आल्बम आजही काढून ऐकला जातो, ते जॅझ आणि ते लोकगीत, त्या दोन्हींच्या मुळाशी ख्रिस वुड हा माणूस आहे. त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं, म्हणून हा लेख.

वुड मूळचा चित्रकार. जन्म १९४४ चा, बर्मिंगहॅमच्या क्विंटन भागातला. आर्ट स्कूलमध्ये शिकला. सॅक्सोफोन आणि बासरी मात्र त्याने आपली आपण उचलली. बर्मिंगहॅममधल्या ‘एल्बो रूम’ नावाच्या क्लबात रात्री उशिरा वादक जमत. तिथेच ‘ट्रॅफिक’चे चौघे एकत्र आले. विनवुडच्या मात्र घरीच गाणं होतं. वडील सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवत, आठव्या वर्षापासून हा मुलगा वडिलांच्या आणि थोरल्या भावाच्या सोबतीने नाचगाण्याच्या कार्यक्रमांत वाजवू लागला होता, आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात गात होता. शाळेत असतानाच तो इंग्लंडच्या दौऱ्यावर आलेल्या मडी वॉटर्स, जॉन ली हुकर अशा बुजुर्ग ब्लूज गायकांच्या साथीला बसला. म्हणजे ब्लूज आणि सोल त्याच्या हाडीमाशी होते. इंग्लंडच्या खेड्यांत शेतकरी आणि मेंढपाळ काय गात आले, याच्याशी त्याचा फारसा संबंध आलेला नव्हता. तो दुवा वुडचा.

‘ट्रॅफिक’च्या पहिल्या दिवसांत हे सगळे तेव्हाच्या बर्कशरमधल्या ॲस्टन टिरल्ड या गावाजवळच्या एका एकाकी घरात राहायला गेले होते. ‘आयलंड रेकॉर्ड्स’च्या ख्रिस ब्लॅकवेलने ती सोय करून दिली. शेजार नाही, त्यामुळे रात्री दोन वाजता ड्रम्स बडवले तरी तक्रार करायला कोणी नाही. सभोवार उघड्या टेकड्या आणि शेतं. शहर सोडून खेड्यात जाऊन राहायचं आणि तिथे संगीत घडवायचं, ही पुढे ब्रिटनमधल्या कितीतरी बँडनी गिरवलेली रीत इथून रुळली. मात्र त्या काळातलं त्यांचं संगीत ऐकलं तर त्यात ती शेतं फारशी दिसत नाहीत. १९६७ च्या ‘पेपर सन’ आणि ‘होल इन माय शू’ या गाजलेल्या गाण्यांत आहे ती सतार. मेसनने वाजवलेली. त्या वर्षी लंडनमध्ये सतारीची हवा होती आणि या मुलांनीही ती उचलली. सतार ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती तिथे नुसती रंगापुरती वाटते. तारा वाजतात, पण त्या वाद्याला जे बोलायचं असतं, ते कोणी बोलू देत नाही. तीन वर्षांनी त्याच बँडने आपल्या पायाखालच्या मातीतलं एक गाणं घेतलं. ते कसं वागवलं, हे त्या सतारीशेजारी ठेवून ऐकलं म्हणजे मधल्या काळात त्यांची समज किती वाढली, ते कळतं.

पण आधी जॅझ. जानेवारी १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिंजर बेकरने ‘एअर फोर्स’ नावाचा भलामोठा ताफा उभा केला. त्यात विनवुड होता आणि वुडही होता. त्यांच्या जोडीला जमैकात जन्मलेला हॅरल्ड मॅकनेअर हा सॅक्सोफोन आणि बासरीचा पट्टीचा जॅझ वादक, फिल सीमन हा ब्रिटिश जॅझमधला थोर ड्रमर आणि आफ्रिकी तालवाद्यं वाजवणारा रेमी कबाका. एकेक रचना लांबत जायची, वादक आळीपाळीने पुढे यायचे. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘बार्लीकॉर्न’चं ध्वनिमुद्रण सुरू झालं. पहिल्या बाजूवर त्या रात्रीची ऊब अजून शिल्लक आहे.

पहिली रचना ‘ग्लॅड’ पूर्णपणे वाद्यांची, सात मिनिटांची. पियानोची एक ठसठशीत, उसळती ओळ. ती आली की मान डोलू लागते. ऑर्गन तिला खालून उचलून धरतो आणि वर सॅक्सोफोन धून मांडतो. वुडचा सॅक्सोफोन इथे इलेक्ट्रिक उपकरणांतून गेलेला आहे, त्यामुळे त्याचा नाद थोडा खरखरीत, थोडा गिटारसारखा लागतो. वुड वेगाने तानांची बरसात करणारा वादक नव्हता. त्याचं बळ दमात आणि जागा निवडण्यात होतं. दोन सुरांत जे सांगता येईल, त्यासाठी तो चार वापरत नाही. अमेरिकन जॅझच्या कसोटीवर त्याला कोणी महान म्हणणार नाही. पण तीन माणसांच्या बँडमध्ये, जिथे दुसरा वादक विनवुडसारखा भरभरून वाजवणारा आहे, तिथे असाच माणूस हवा.

‘ग्लॅड’चा शेवट मला या आल्बममधल्या सर्वांत धाडसी जागांपैकी एक वाटतो. इतका वेळ पक्का बांधलेला ठेका हळूहळू सुटत जातो. ड्रम्स मागे सरतात, लय विरघळते, पियानो एकटाच काहीतरी शोधत फिरू लागतो, आपल्याकडे आलापीत गायक जसा पुढची वाट चाचपतो तसा. नाचायला लावणारी रचना अशी अर्ध्या उजेडात नेऊन सोडायची, याला हिंमत लागते. आणि त्या संदिग्धतेतून, खंड न पडता, सॅक्सोफोनची एक दमदार ओळ उठते आणि ‘फ्रीडम रायडर’ सुरू होतं. या दोन रचना वेगळ्या ऐकूच नयेत. ‘फ्रीडम रायडर’मध्ये वुड मध्येच सॅक्सोफोन ठेवून बासरी उचलतो आणि तिच्यावर मन लावून बोलतो. फुंकर, श्वास, सुराच्या कडा, सगळं ऐकू येतं. ‘एम्प्टी पेजेस’ हे त्यामानाने नेटकं, लहान गाणं. त्यातलं इलेक्ट्रिक पियानोचं वादन अप्रतिम आहे आणि त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

या बँडला तेव्हा बेस वाजवणारा नव्हता. रंगमंचावर विनवुड हॅमंड ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर बेसच्या ओळी वाजवायचा, हातांनी बाकीचं, आणि वर गायचा. त्यामुळे या संगीतात बेस थोडा जड, थोडा सावध चालतो आणि ड्रम्ससाठी जागा मोकळी राहते. कपाल्डी त्या जागेचा फार चांगला उपयोग करतो. त्याचं आणखी एक काम म्हणजे शब्द. विनवुडच्या बहुतेक चालींना शब्द त्याने दिले.

दुसरी बाजू उघडते ‘स्ट्रेंजर टू हिमसेल्फ’ने आणि संपते ‘एव्हरी मदर्स सन’ने. हीच ती स्टीव्हन्सबरोबर केलेली दोन गाणी. दोन्ही चांगली आहेत. ‘एव्हरी मदर्स सन’मधला ऑर्गन तर भव्यच. पण पहिल्या बाजूनंतर ती ऐकताना एक फरक कानाला जाणवतो. इथली सगळी वाद्यं एकमेकांशी फार सहमत आहेत. एकाच माणसाने आधी गिटार वाजवायची, मग तिच्यावर बेस, मग पियानो, तेव्हा कोणी कोणाला चकवत नाही, कोणी उशिरा येत नाही, कोणी नको तिथे थांबत नाही. ‘ग्लॅड’मध्ये पियानोने टाकलेला प्रश्न सॅक्सोफोन वेगळ्याच दिशेने सोडवतो आणि मग पियानोला आपला बेत बदलावा लागतो. जॅझचा जीव त्यात असतो. एकट्याचं काम थांबवून मित्रांना हाक मारावीशी विनवुडला का वाटली, याचं उत्तर या एकाच तबकडीवर ऐकायला मिळतं.

आणि या दोन गाण्यांच्या मधोमध ठेवलं आहे ‘जॉन बार्लीकॉर्न’.

गोष्ट अशी. तीन माणसं येतात आणि शपथ घेतात की जॉन बार्लीकॉर्नला मारायचं. त्याला नांगराच्या तासात पुरतात, डोक्यावर ढेकळं लोटतात आणि तो मेला असं जाहीर करतात. तो बराच काळ तसाच पडून राहतो. मग पाऊस येतो आणि हा डोकं वर काढतो. उन्हाळ्यात फिका पडतो, त्याला लांब दाढी फुटते, म्हणजे गडी वयात आला. मग भाडोत्री माणसं विळे घेऊन येतात, गुडघ्यात कापतात, कमरेला आवळून बांधतात, काट्याने टोचतात, गाडीला जखडून शेतभर फिरवतात, खळ्यात नेऊन काठ्यांनी सोलतात. शेवटी गिरणीवाला तर त्याला दोन दगडांमध्ये भरडतो. आणि एवढं होऊनही जिंकतो तोच. त्याच्याशिवाय शिकाऱ्याला शिकार साधत नाही आणि कल्हईवाल्याला भांडं सांधता येत नाही. जॉन बार्लीकॉर्न म्हणजे जवाचं पीक, आणि शेवटी उरते ती त्याची दारू.

गाणं खळ्यातून थेट गिरणीत आणि गिरणीतून थेट प्याल्यात उडी मारतं, हे मला फार आवडतं. कारण खरी करामत त्या मधल्या टप्प्यांत होते. जव पाण्यात भिजवायचे, ओले दाणे फरशीवर पसरायचे, कोंब फुटू लागले की भट्टीवर वाळवून ते थोपवायचे. मोड येताना दाण्यात जे पाचकरस तयार होतात, ते पुढे गरम पाण्यात पिठाची साखर करतात, आणि त्या साखरेवर यीस्ट काम करतं. म्हणजे दाणा खरोखर मरतो, जगू लागतो आणि पुन्हा मारला जातो. गाणाऱ्यांनी हा भाग गाळला, बहुधा ऐकणाऱ्यांच्या तो ओळखीचा होता म्हणून. त्यांना तो सांगावा लागत नव्हता.

हे गाणं किमान सतराव्या शतकापासून छापील पत्रकांवर जत्राबाजारात विकलं जात होतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट बर्न्सने १७८२ मध्ये त्याचं आपलं रूप लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेसिल शार्प सायकलीवरून इंग्लंडची खेडी पालथी घालत म्हाताऱ्यांकडून गाणी उतरवून घेत होता, तेव्हा त्याला याची अनेक रूपं मिळाली. राल्फ व्हॉन विल्यम्स या संगीतकाराने १९२३ च्या ‘इंग्लिश फोक साँग सूट’मध्ये त्याची चाल बँडसाठी गुंफली. अर्थाचा वाद जुना आहे. जेम्स फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथानंतर अनेकांना यात धान्यदेवतेचा बळी आणि पुनर्जन्म दिसू लागला. लोकगीतांचा अभ्यासक ए. एल. लॉइडने मात्र दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या. हे गाणं प्राचीन मिथकाचा अवशेष असेल, किंवा जुन्याची आवड असलेल्या कुणीतरी रचलेलं आणि मग लोकांनी आपलंसं केलेलंही असेल. मला फ्रेझरची गरज वाटत नाही. ज्याने शेत नांगरलं, कापलं, मळलं, त्याला आपण पिकाशी काय वागतो हे ठाऊक होतं. त्याने तेवढंच, एकही काम न वगळता, क्रमाने सांगितलं. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो त्या क्रमामुळे.

१९६५ मध्ये हल शहरातल्या वॉटर्सन भावंडांनी आणि त्यांच्या एका चुलतभावाने ‘फ्रॉस्ट अँड फायर’ हा आल्बम काढला. वर्षभराच्या ऋतूंची आणि सणांची जुनी गाणी, कोणतंही वाद्य न घेता नुसत्या गळ्यांवर. त्यांचे आवाज रांगडे, अंगावर येणारे. त्यात हे गाणं होतं. ते वुडच्या कानांवरून गेलं आणि त्याने विनवुडला दाखवलं. ज्या आल्बमचं बाकी सगळं ब्लूज, सोल आणि जॅझचं आहे, त्याचं नाव आणि मुखपृष्ठावरची लाकडी ठशातल्यासारखी धान्याची पेंढी एका बासरीवाल्याच्या या हट्टातून आली.

‘ट्रॅफिक’ने या गाण्याला हात कसा लावला, तर जवळजवळ लावलाच नाही. ड्रम्सचा संच नाही, ऑर्गन नाही, सॅक्सोफोन नाही. विनवुडची ध्वनिक गिटार, बोटांनी छेडलेली, खाली सरकत जाणाऱ्या सुरांची. चाल कोमल गंधाराच्या उदास अंगाने जाणारी. वुडची बासरी कडव्यांच्या आसपास वावरते. ‘फ्रीडम रायडर’मध्ये मन मोकळं करणारी हीच बासरी, आणि इथे किती मोजकं बोलते! पुढे कपाल्डीचा आवाज विनवुडच्या आवाजाला खेटून उभा राहतो. त्या दोन आवाजांच्या मिळण्यात वॉटर्सनांच्या गाण्याची आठवण आहे, नक्कल नाही. हलकं तालवाद्य, अधूनमधून पियानो. सहा मिनिटांहून थोडं जास्त चालणाऱ्या या गाण्यात कुठेही कळस उभारलेला नाही. विळे आले, काठ्या आल्या, दगड आले, तरी आवाज चढत नाही.

ख्याल गाणाऱ्या एका मैत्रिणीला मी हे गाणं ऐकवलं होतं. इंग्रजी शब्द तिच्या फारसे हाती लागले नाहीत. संपल्यावर ती म्हणाली, “हा रडत नाहीये, नुसतं सांगतोय. म्हणून जास्त लागतं.” मग तिने परत लावायला सांगितलं, आणि या वेळी ती फक्त बासरी ऐकत होती. ज्याच्या गळ्यात रे चार्ल्ससारखी आर्त फेक आहे, त्या गायकाने ती पूर्ण आवरून धरायची, हे त्या गायकाचं मोठेपण. १९६७ च्या सतारीला जो मान मिळाला नाही, तो इथे या खेडवळ गाण्याला मिळाला.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हटलं की त्या काळातली भव्य रूपं डोळ्यांपुढे येतात. ‘किंग क्रिमसन’चा १९६९ चा पहिला आल्बम, १९७० मध्ये आलेला ‘इमर्सन, लेक अँड पामर’. त्या मंडळींची नजर बरीचशी युरोपच्या अभिजात संगीताकडे होती. मोठे आराखडे, सिंफनीचा थाट. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायची, हे ध्येय ‘ट्रॅफिक’चंही होतं, पण त्यांनी त्यासाठी अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं संगीत आणि इंग्लंडच्या शेतकऱ्यांचं संगीत घेतलं. दोन्ही मुख्यतः कानोकान आलेली. त्यांनी त्यांचं मिश्रणही केलं नाही. ‘ग्लॅड’मध्ये लोकगीत नाही आणि ‘बार्लीकॉर्न’मध्ये जॅझ नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांना जोडण्याचं काम एका माणसाच्या श्वासावर सोपवलं. मिश्रणाच्या नावाखाली पुढच्या ५० वर्षांत जे अमाप संगीत झालं, त्यातलं बरंचसं या संयमाअभावी फसलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढचं थोडक्यात. त्याच वर्षी रिक ग्रेच बेस वाजवायला आला. नोव्हेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये त्यांनी केलेला कार्यक्रम २०११ च्या विस्तारित आवृत्तीत ऐकायला मिळतो. ‘ट्रॅफिक’ १९७४ पर्यंत चालला. विनवुडने एकट्याने सगळी वाद्यं वाजवून आल्बम करण्याची इच्छा १९८० मध्ये ‘आर्क ऑफ अ डायव्हर’ने पुरी केली आणि त्याला मोठं यश मिळालं. वुडला दारूने धरलं. १२ जुलै १९८३ रोजी न्यूमोनियाने तो गेला, वय ३९. त्याचं अर्धवट राहिलेलं स्वतःचं काम ‘व्हल्कन’ या नावाने २००८ मध्ये बाहेर आलं. १९९४ मध्ये विनवुड आणि कपाल्डी यांनी ‘ट्रॅफिक’च्या नावाने आणखी एक आल्बम केला आणि तो वुडला अर्पण केला. त्याच्या मुखपृष्ठावर बासरी वाजवणारी एक आकृती आहे. कपाल्डी २००५ मध्ये गेला.

हा आल्बम आता सहज कुठेही मिळतो. ऐकायचा असेल तर वाचकांना एक विनंती. आधी वॉटर्सनांचं वाद्यांविना गायलेलं ‘जॉन बार्लीकॉर्न’ शोधून ऐका. मग ‘ग्लॅड’ आणि ‘फ्रीडम रायडर’ सलग, मध्ये न थांबता. आणि त्यानंतर ‘ट्रॅफिक’चं ‘जॉन बार्लीकॉर्न’. या तिन्ही जागी ख्रिस वुडला ऐका. पहिल्या ठिकाणी तो वाजवत नाही, ऐकतो आहे. आपल्याला ते गाणं त्याच्या त्या ऐकण्यामुळे मिळालं.